तीन दिवसांचं सुतारकाम

मिस्त्रींनी आयुष्यात जेवढं उभं केलं, तेवढं त्यांच्या वडिलांनी आणि आजोबांनी मिळूनही केलं नसेल. पण दाखवा म्हटलं तर दाखवायला साधं स्टूल नव्हतं.

त्यांचं काम शहराच्या कडेला असलेल्या मोठ्या सभागृहात चालायचं. तिथे परिषदा भरत, अधिवेशनं होत, प्रदर्शनं लागत. डॉक्टर उठले की बँकवाले येत, बँकवाले उठले की बांधकामवाले. प्रत्येकाला स्टेज नवं हवं, स्वागताची कमान नवी हवी, स्टॉल तर नवे हवेतच. मिस्त्री आणि त्यांची माणसं खपून ते सगळं उभारायची. तीन दिवस लोक गळ्यात बिल्ले अडकवून त्यातून हिंडायचे, चहा प्यायचे, कार्डं वाटायचे. शेवटचं भाषण संपलं, की हीच माणसं पहारी आणि हातोडे घेऊन आत शिरायची आणि सगळं आडवं करायची. खिळे उपसत बसायला सवड कुणाला होती? पुढची परिषद दाराशी येऊन थांबलेली असायची. प्लायवूड, कापड, गालिचा, पाण्याच्या अर्धवट बाटल्या, कुणी न नेलेल्या छापील पिशव्या, सगळं एकाच ढिगात मागच्या ट्रकमध्ये जायचं.

मिस्त्रींचे वडील जुने सुतार. दारं, कपाटं, पलंग करणारे. मुलाचं काम बघायची त्यांना हौस होती, आणि एकदा ते आले. नेमके शेवटच्या दुपारी आले. मिस्त्रींनी त्यांना आपली कमान दाखवली. म्हाताऱ्यानं सांध्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "बसलाय बरं का चांगला." तेवढ्यात मागून आवाज आला, "बाबा, जरा बाजूला व्हा." वडील बाजूला झाले. त्यांच्या डोळ्यांदेखत चार घावांत कमान खाली आली. परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत बसले होते. त्यानंतर त्यांनी मुलाच्या तब्येतीची चौकशी केली, नातवंडांची केली, कामाची कधी केली नाही. मिस्त्रींनी मनाची समजूत घातली: पोट भरतंय ना, मग झालं.

कमान पाडणारा होता त्यांचा मेहुणा. त्याला सगळे बारक्या म्हणत. लहानपणी काडीसारखा होता तेव्हाचं नाव, पुढे तो दारात उभा राहिला तर उजेड अडायचा, तरी नाव तेच राहिलं. आई लवकर गेल्यामुळे त्याला बहिणीनंच वाढवलं होतं. "लग्नात मला बायकोवर मेहुणा फुकट मिळाला," असं मिस्त्री म्हणायचे आणि बारक्या सगळ्यांच्या आधी हसायचा. कामाची वाटणीही ठरलेली. "बांधायचं दाजींनी, पाडायचं मी. नाव दोघांचंही होत नाही, म्हणजे भांडण नाही." पाडायच्या टोळीचा तो मुकादम होता आणि ते काम त्याला मनापासून आवडायचं.

मग ती नद्यांवरची परिषद आली. देशोदेशीचे अभ्यासक येणार होते. आयोजकांना प्रवेशद्वारापाशी नदी हवी होती. मिस्त्रींनी प्लायवूडची नदी केली, निळी, वळणं घेत जाणारी, आणि तिच्यावर चालता येईल असा पूल केला. लोकांनी त्या पुलावर उभं राहून फोटो काढले. आत तीन दिवस नद्या कशा वाचवाव्यात यावर बोलणं झालं. बोलणारी माणसं तळमळीनं बोलत होती, मिस्त्रींनी मागे उभं राहून थोडं ऐकलंही होतं.

शेवटच्या दुपारी पूल पाडायला घेतला. तो मजबूत झाला होता, लवकर हटेना. बारक्यानं पहार घालून सगळा भार दिला. फळी तडकली आणि एक ढलपी खिळ्यासकट उडून त्याच्या उजव्या डोळ्यात गेली.

दवाखान्यातल्या बाकावर मिस्त्री बायकोशेजारी बसून होते. डॉक्टर बाहेर आले, मान हलवली, दुसरा डोळा सुखरूप आहे म्हणाले. बायको भिंतीला टेकून राहिली. मिस्त्री आत गेले, पट्टी बांधलेल्या मेहुण्याचा हात धरला आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले. शेवटी बारक्यालाच म्हणावं लागलं, "पुरे आता, दाजी. नर्स बघतायत."

बारक्या बरा होऊन कामावर परतला. काळा चष्मा लावून तसाच पहार चालवू लागला. पण मिस्त्रींच्या हातात खिळा धरवेना. खिळा ठोकताना तो पुन्हा कुणाला तरी उचकटायचा आहे, एवढंच मनात यायचं. घराला लागून त्यांची छोटीशी कामाची खोली होती. तिथे ते सुटीच्या दिवशी चौकटी करू लागले. खिळा नाही, डिंक नाही. खाचेत खाच बसवायची, बोल्ट घालायचा, पान्यानं आवळायचा. काम झालं की सोडायचं आणि रचून ठेवायचं.

त्याच सुमारास सभागृहावर नव्या व्यवस्थापक बाई आल्या. त्यांनी आल्या आल्या बाटल्या बंद करून पाण्याची पिंपं आणि स्टीलचे पेले ठेवले. छापील पिशव्या थांबवल्या. गालिच्याऐवजी फरशी उघडी ठेवली, तर दोन आयोजक रुसून दुसरीकडे गेले. एक दिवस त्या मिस्त्रींना म्हणाल्या, "पुढच्या वर्षापासून इथून कचऱ्याचा ट्रक भरून जाणार नाही, असं मी वरती सांगून बसलेय. कसं जमवायचं ते मात्र मला कळत नाहीये."

"माझ्याकडे एक चौकट आहे, मॅडम," मिस्त्री म्हणाले. "अजून धड उभी राहत नाही. पण बघून घ्या."

दोघांनी मिळून बरंच डोकं चालवलं. लांबी-रुंदी बाईंनी ठरवली, कारण कुठल्या परिषदेला किती जागा लागते ते त्यांना ठाऊक होतं. सांधे मिस्त्रींचे. पहिल्याच समारंभात चौकटीवर ताणलेली एक कापडी भिंत हळूहळू सुटली आणि अध्यक्षांच्या खांद्यावर पांघरुणासारखी येऊन बसली. लोकांना वाटलं सत्कारच चाललाय, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी कापडाला वरून खालून पट्ट्या दिल्या. हळूहळू घडी बसली. आणि एका परिषदेनंतर मागच्या अंगणात ट्रक आला, तो जवळपास रिकामा परत गेला. मिस्त्री कठड्याला टेकून तो वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले. त्यांना भरून आलं होतं.

पण चौकटी सोडायला थोडी माणसं पुरतात. बांधायलाही थोडीच. पाडायची टोळी तर लागतच नव्हती. मिस्त्रींना हे कळत नव्हतं असं नाही, पण त्या विचाराला त्यांनी जवळ येऊ दिलं नव्हतं. बाईंच्या कार्यालयातून माणसं कमी करायचा निरोप आला तेव्हा तो माणसांना सांगायची पाळी त्यांच्यावरच आली. माणसं खाली बघत उभी होती. बारक्यानं विचारलं, "म्हणजे आम्ही घरी बसायचं?"

मिस्त्री समजावू लागले. किती लाकूड वाया जात होतं, ते सगळं कुठे नेऊन टाकत होते, तिथे जवळपास राहणाऱ्यांचं काय होत असेल. तुझा डोळा बघ, ते म्हणाले, पुन्हा कुणाचा जायला नको. बोलले त्यातलं काहीच खोटं नव्हतं. बारक्यानं सगळं ऐकून घेतलं, पहार भिंतीला उभी केली आणि निघून गेला.

त्यानंतर तो बहिणीच्या घरी यायचा थांबला. महिने गेले. घरात त्याचं नाव निघत नव्हतं, पण चार माणसांत जेवायला बसल्यावर त्याचा मोठा आवाज नाही हे प्रत्येकाला जाणवायचं. एकदा बायको भांडी आवरता आवरता म्हणाली, "तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण तो माझा भाऊ आहे. हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं का?"

मिस्त्री मेहुण्याच्या घरी गेले. बारक्याच्या बायकोनं चहा ठेवला. बारक्या खाटेवर बसला होता, चष्मा काढलेला. मिस्त्रींनी पुन्हा सुरुवात केली, की बघ, मी तरी काय करणार, जग बदलतंय...

"दाजी," बारक्यानं मध्येच थांबवलं. आवाज शांत होता. "डोळा गेला तेव्हा तुम्ही रडलात. काम गेलं तेव्हा मात्र नुसतं समजावत बसलात."

चहा तसाच निवत राहिला. मिस्त्री उठले आणि बस सोडून घरापर्यंत चालत आले.

दुसऱ्या दिवशी ते व्यवस्थापक बाईंसमोर जाऊन उभे राहिले. "चौकटी राहू द्या," ते म्हणाले. "त्या बरोबर आहेत. पण माणसं कमी करू नका. पाळ्या लावा. सगळ्यांना थोडं थोडं काम मिळू दे. चौकटी पुसायच्या, कापडं शिवायची, पेले धुवायचे, हे सगळं आमच्याच माणसांना द्या. मलाही पाळी लावा."

"हा विचार मी आधी करायला हवा होता," बाई म्हणाल्या. मग कबूल केलं, की वरच्यांना ही योजना पटली ती कमी माणसांमुळेच, त्यामुळे भांडावं लागेल. त्या भांडल्या. मागितलं तेवढं मिळालं नाही, पण पाळ्या लागल्या.

सगळे खूश झाले असं मुळीच नाही. "पूर्वी काही जण पोटभर जेवायचे, आता सगळे अर्धपोटी," असं एकानं तोंडावर सुनावलं आणि तो दुसऱ्या गावी निघून गेला. काही जण पेले धुवायला लाजले, मग धुवू लागले. मिस्त्रींच्या घरातही हात आखडता घ्यावा लागला. बायकोनं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

बारक्या पहिल्या पाळीला आला नाही. दुसऱ्या पाळीलाही नाही. नंतर एका सकाळी तो सभागृहाच्या मागच्या दारात उभा दिसला. मिस्त्रींनी पाना त्याच्या हातात दिला आणि ते आपल्या कामाला लागले. लांब आडवी तुळई हलवायची वेळ आली तेव्हा पुढचं टोक बारक्यानं धरलं, मागचं मिस्त्रींनी.

"उचल," मिस्त्री म्हणाले.

ती उचलून दोघं स्टेजकडे चालू लागले. वाटेत उजव्या बाजूला खांब होता.

"खांब आहे हं तिकडे."

"माहितेय," बारक्या मागे न बघता म्हणाला. "इथेच जन्म गेला माझा."

तुळई जागेवर ठेवून दोघं धापा टाकत उभे राहिले. मिस्त्रींना काहीतरी बोलायचं होतं, पण या वेळी त्यांनी काही समजावलं नाही. "तो निरोप सांगताना मला तुझ्याकडे बघवलं नाही रे," एवढंच म्हणाले. बारक्या बोल्ट आवळत होता. त्यानं तो पुरता आवळला, हलवून बघितला, आणि मग म्हणाला, "ताईला सांगा, रविवारी येतो."

रविवारी तो आला. जेवताना फारसं बोलणं झालं नाही. जेवणं झाल्यावर बहिणीनं त्याचा चष्मा मागून घेतला, पदरानं पुसला आणि परत दिला.

मिस्त्री अजून त्याच सभागृहात काम करतात. गुडघे कुरकुरतात, म्हणून वर चढायचं काम दुसरे करतात. चौकटींचे कोपरे झिजलेत, काही ठिकाणी नवी ठिगळं आहेत. परिषदा येतात, जातात. आणि पाळी असली की दोघं मेहुणे सकाळी एकाच बसनं कामाला जातात, कधी बोलत, कधी न बोलता.