मूठभर जोंधळ्यावर वाढलेलं कॉलेज

सलाम मंडळी! चष्मा रिक्षात राहिला, तरी लिहितेच. आनंद पोटात मावंना.

आमची नात रूथ आज मिशनच्या कॉलेजात पाळक म्हंजी पास्टर व्हायच्या कोर्सला लागली. आधी तिथं नुसतं बायबल शिकवायचे. मग बी.ए. आलं, आता नर्सिंग काय, कॉम्प्युटर काय! पण पाळकाचा कोर्स पोरींना यंदाच खुला झालाय.

ॲडमिशन घेऊन निघालो तर फाटकात धाकटे दीर भेटले. चर्चच्या पंचांतले हाईत ते. म्हणाले, "वैनी, नर्सिंगला घाला की हिला. पुलपिटावर उभं राहून उपदेश करायला बाईचं काय काम? लगीन कोण करंल हिच्याशी?"

रूथचं तोंडच उतरलं. "आज्जी, बदलूया का कोर्स?"

मग मात्र माझं टाळकं फिरलं. म्हटलं, "भावजी, कॉलेज दोन खोल्यांचं हुतं तवा तुमी हितंच शिकला, हॉस्टेलात भाकरी खाल्ली. ते पीठ कुठनं यायचं? आमी बाया सैपाकाला बसताना रोज मूठभर जोंधळा बाजूला काढायचो आणि रविवारी चर्चमधी आणून द्यायचो. तवा न्हाय इचारलं, बाईचं काय काम म्हणून?"

भावजी टोपी काढून डोकं खाजवाय लागले. रूथ फिस्सकन हसली.

कोर्स बदलायचा न्हाय! तिच्या पहिल्या उपदेशाला मी पुढच्या बाकावर बसणार, भावजींनाबी बसवणार. दर रविवारी जेवाय माझ्याकडंच येत्यात. उपदेश ऐकल्याबिगर तांबडा रस्सा न्हाय!

तुमच्यात कसं हाय बायांनो? बाईचा उपदेश चालतोय, का नुसता जोंधळाच चालतोय?