इस्माईलभाईंची गाठ

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोला ठाऊक नाही, मित्रांना ठाऊक नाही, आणि ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवी होती त्यांना तर — पण तिकडे येतो. जरा सावकाश येऊ द्या. तसा मी बडबड्या माणूस. मस्कतमध्ये सात वर्षं दुकानाच्या काउंटरमागे उभा राहून गिऱ्हाइकांचं डोकं खाल्लं आहे मी. पण ह्या एका जागी आलो की माझी दातखीळ बसते.

दुकान मासे गरवायच्या सामानाचं होतं — रॉड, रील, दोऱ्या, गळ, शिशाची वजनं. मी दापोलीकडचा, पण घर डोंगरावर. समुद्राशी माझा संबंध ताटातल्या माशापुरता. २०११ साली तिथे कामाला लागलो तेव्हा रीलचा दांडा कुठल्या बाजूला फिरवायचा तेही मला माहीत नव्हतं. आमचा अर्बाब, म्हणजे दुकानाचा मालक, कमी बोलणारा ओमानी माणूस. त्याने मला मागच्या दुरुस्तीच्या टेबलावर बसवलं आणि दोन वर्षांत मी तिथला वैद्य झालो. मला त्याचा गर्व होता — चांगला मोठा गर्व होता. तो इथे सांगायलाच हवा.

लोक सामानाची काय दशा करतात! खाऱ्या पाण्यातून आलेलं रील तसंच गाडीच्या डिकीत टाकतात, तेही मे महिन्यात. कुणी नळ पूर्ण सोडून त्याखाली धरतो, म्हणजे बाहेरचं मीठ दाबाने आत. एकाने तर रीलमध्ये खोबरेल तेल घातलं होतं, आणि थंडीत ते थिजल्यावर माल खराब दिला म्हणून माझ्याशीच भांडायला आला. मी सगळ्यांना तेच तेच सांगायचो. गोड्या पाण्याने हलकेच धुवा, दोरीचा ताण राखणारी ड्रॅगची चकती सैल करा, सावलीत वाळवा, तेलाचा एकच थेंब. आणि रॉडच्या कड्या तपासा. दोरी ज्यांतून जाते त्या कड्यांमधून मी कापसाचा बोळा ओढून बघायचो. कडीच्या आतल्या गुळगुळीत अस्तराचा कुठे टवका उडाला असेल तर डोळ्यांना दिसत नाही, पण कापसाचे तंतू तिथे अडकतात. कापूस अडकतो तिथे दोरी कातरली जाते. माझ्या टेबलावर आलेला एकही रॉड मी कापूस फिरवल्याशिवाय परत दिला नाही. एक सोडून.

इस्माईलभाई पहिल्यांदा दुकानात आले ते रॉड निवडायला. रत्नागिरीकडचे, बंदरावरच्या दालदी, म्हणजे मुसलमान मच्छीमारांच्या, घरातले. मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस भागातल्या एका शाळेची बस चालवायचे. मी नेहमीप्रमाणे सुरू झालो — हा शेंड्याला ताठ, हा मधून वाकणारा, ह्याला अमुक मापाचं रील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाबा, तुज्या बोलन्यान मासा लागनार नाय. रॉड दे हातात." मग एकेक रॉड घेऊन मनगटावर तोलला, शेंडा माझ्या हातात धरायला दिला आणि डोळे मिटून ओढ घेतली. नऊ रॉड बघितले असतील. दहावा घेतला. तो दुकानातला सर्वांत साधा होता आणि — आज कळतं — सर्वांत बरोबर होता.

त्यानंतरचे शुक्रवार! तुम्हाला कसं सांगू? पहाटेची नमाज पढून ते जुन्या गाडीतून मला घ्यायला येत. कुरियातच्या रस्त्याने जाऊन एका खडकाळ किनाऱ्याला उतरायचं, आणि दुपारी जुम्याच्या नमाजेआधी परत. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी, फ्लास्कमध्ये चहा. मासे मिळत, कधी नाही मिळत. परत आल्यावर आमच्या इमारतीच्या नळावर बसून दोघांची रिलं धुवायची, आणि रॉड पुसता पुसता ते त्यांच्या खाडीबद्दल बोलायचे. कुठल्या महिन्यात कुठल्या खडकाशी काय लागतं, भरतीला पाणी कुठल्या पायरीपर्यंत येतं. पस्तीस वर्षांत त्यांनी ती खाडी फक्त सुट्टीपुरती पाहिली होती, पण त्यातला एक खडक ते विसरले नव्हते. आज मी गावी आहे, समुद्र तासाभरावर आहे, तरी मला आठवण येते ती त्या नळाचीच. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा माणूस उकिडवा बसून माझं रील पुसतोय. कुणी केलंय माझ्यासाठी एवढं?

त्यांची एक गाठ होती. रीलवरची दोरी बारीक असते, तिच्या टोकाला जाड नायलॉनचं तंगूस जोडावं लागतं. कारण हामूर — आपल्या गोबऱ्याचाच भाऊबंद — गळ गिळला की थेट खडकाच्या कपारीत घुसतो. तो जोड पक्का हवा. मी पुस्तकं आणि व्हिडिओ पाहून पाच प्रकारच्या गाठी शिकलो होतो. ते मात्र बापाने शिकवलेली एकच मारायचे, थुंकी लावून, अंगठ्याने दाबत. माझ्या पाचही कधी ना कधी सरकल्या. त्यांची कधीच नाही. पुढे मीही तीच मारू लागलो, त्यांनीच शिकवली.

गावी त्यांच्या थोरल्या भावाची बोट होती. भाऊ दर फोनवर म्हणायचा, आता पुरे, ये, बोट दोघांची. ह्यांना जायचं होतं. अहो, जीव तुटत होता त्यांचा. पण एक शंका खात होती — पस्तीस वर्षं स्टिअरिंग धरलेले हात दोरीवर चालतील का? भावाच्या बोटीवर आपण ओझं होऊ का? शेवटी त्यांनी स्वतःच स्वतःची परीक्षा ठरवली. जाण्याआधी एकदा तरी खडकातला मोठा हामूर ह्या हातांनी वर काढायचा. निघाला तर बोटीवर जायचं. हे त्यांनी मला एकट्यालाच सांगितलं होतं.

२०१६ च्या मार्चमध्ये त्यांनी नोकरी सोडून कायमची एक्झिट घेतली. रविवारचं तिकीट. म्हणजे हातात एकच शुक्रवार. बुधवारी त्यांनी रॉड आणि रील माझ्याकडे आणून दिलं — नीट साफ करून दे, शेवटची वेळ. मी रील उघडून साफ केलं, एक थेंब तेल, सगळं शास्त्रोक्त. रॉड टेबलाला टेकून उभा होता. समोर एक गिऱ्हाईक आलं, मी हातवारे करत बोलत होतो, कोपर लागलं आणि रॉड घसरून शेंड्यावर आपटला. खाली लादी. टक् असा बारीक आवाज झाला. शेंड्याच्या कडीचा.

कापूस टेबलावरच होता. मी तो उचललासुद्धा. आणि परत ठेवला.

का? आता तुम्ही म्हणाल, तसली कडी दुकानात नसेल, वेळ नसेल. कडी नव्हती हे खरं. पण माझा स्वतःचा रॉड होता की. तो त्यांना दिला असता तर त्यांनी हसत घेतला असता. नाही — कारण वेगळं होतं. ते सगळ्या मस्कतभर सांगत फिरायचे, ह्या पोराच्या टेबलावर वस्तू दिली की डोळे झाकून घ्यावी. ते मला ऐकायला आवडायचं. कापूस अडकला असता तर मला सांगावं लागलं असतं. नाही तपासलं तर काही झालेलंच नाही — असं मी ठरवलं. एवढंच.

शुक्रवारी सकाळी त्यांनी गाठ मारली, मीठ उडतं म्हणून चष्मा खिशात ठेवला आणि गरवायला उभे राहिले. तासभर काही नाही. टाकत होते, ओढत होते. प्रत्येक वेळी दोरीचा तोच गाठीजवळचा भाग त्या कडीवर ताणला जात होता आणि मी ते पाहत होतो. मग मासा लागला. रॉड असा वाकला की मी माझा खाली ठेवला. मोठा होता — किती मोठा ते मला ठाऊक नाही, पण त्यांचा चेहरा मी पाहिला. अठरा वर्षांचा चेहरा होता तो. दोन वेळा त्यांनी त्याला कपारीपासून मागे फिरवलं, ड्रॅगला हात न लावता, नुसत्या मनगटाने. हात चालत होते हो! पस्तीस वर्षांनीही चालत होते. मी ओरडत होतो, "यल्ला भाई, यल्ला!"

आणि दोरी सैल पडली.

त्यांनी ती हळूहळू गुंडाळली. टोक हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, मग माझ्याकडे धरलं. "बघ रे, मना दिसत नाय. गाठ सुटली काय?"

गाठ सुटली की दोरीचं टोक वळलेलं असतं, केसाच्या कुरळ्या बटेसारखं. कातरली गेली की पिंजारतं. माझ्या बोटांत पिंजारलेलं टोक होतं. दोरी गाठीच्या वर तुटली होती. गाठ त्या माशाबरोबर गेली होती, होती तशी घट्ट. मला एका क्षणात सगळं कळलं. मी खिशातली कातर काढली, पिंजारलेला भाग छाटून टाकला — असं टोक साफ करणं हा आमचा रोजचाच भाग, त्यांना काही वावगं वाटलं नाही — आणि म्हणालो, "हो भाई. गाठच सुटली."

तेच ते. हेच सांगायचं होतं.

त्यांनी स्वतःचे हात उलटेसुलटे करून पाहिले, मग भाकरीचा डबा उघडून माझ्यापुढे केला. मी खाल्ली. होय, खाल्ली. रविवारी विमानतळावर त्यांनी रॉड आणि रील मला देऊन टाकलं. घरी येऊन मी त्या कडीतून कापूस ओढला. अडकला.

मग फोनवर बोलणं व्हायचं, दर ईदेला, दर दिवाळीला. दर वेळी ठरवायचो, आज सांगू. भावाला त्यांनी नाही म्हणून कळवलं होतं. हात राहिले नाहीत म्हणाले. गावी जाऊन त्यांनी सहा आसनी रिक्षा घेतली आणि शाळेची मुलं ने-आण करू लागले.

२०१८ साली मी कायमचा परतलो आणि पुढच्या हिवाळ्यात त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मला रिक्षातून बंदरावर नेलं. खाली जेटीवर नाही, वरच्या रस्त्यालाच थांबवली. टपरीवर चहा सांगितला. खाडीच्या तोंडातून बोटी आत येत होत्या. त्यातली भावाची कुठली ते त्यांनी लांबूनच दाखवलं, आणि ती धक्क्याला लागेपर्यंत त्यांची नजर हलली नाही. त्या नजरेत काय होतं ते मला लिहिता येत नाही. लिहायचा मला अधिकारही नाही.

मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बरा झाला त्या दिवशी तू खरा सांगितलास. दुसरा कोन असता तर माजा मन राखायला खोटा बोलला असता, नि मी गेलो असतो भावाच्या बोटीवर."

मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "त्यात काय एवढं, भाई."