कारण: पारिवारिक

गोविंदपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात मी नऊ वर्षं तपासणीचं काम केलं. मायक्रोमीटरने सुटे भाग मोजायचे आणि पास की रिजेक्ट ते सांगायचं. मालकाचा मेहुणा तिथे मॅनेजर होता. त्याने स्टोअररूममध्ये माझ्यावर बळजबरी केली. मी तक्रार दिली, तर चौकशी समितीवर कोण? मालकाची बायको, मालकाचा अकाउंटंट आणि मालकाचाच वकील. वा रे न्याय! पुरावा नाही म्हणे.

त्यानंतर तो नालायक मॅनेजर दिवसातून चारदा मुद्दाम माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहायचा. माझी मापं चुकली, एक अख्खा लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला. "आपका मन नहीं लग रहा," मालक साळसूद चेहऱ्याने म्हणाला. राजीनामा द्या, अनुभवाचं पत्र लगेच देतो. अट एकच, कारण 'पारिवारिक' लिहायचं.

त्या पत्राशिवाय माझी नऊ वर्षं मातीत. दुसरीकडे पुन्हा ट्रेनी, निम्म्या पगारावर. आईनंतर घरात मी आणि बाबाच, आणि बाबांची पेन्शन औषधांतच संपते. बाबा मूळचे नागपूरचे, सगळी नोकरी सरकारी फायलींत गेली. म्हणाले, "लिहून टाक न बाई, कागदच तर आहे." त्यांचा मला अजून राग येतो. माझा त्याहून जास्त येतो, कारण मी लिहिलं.

पत्र मिळालं. खाली मेहुण्याचीच सही, वर उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा! शरम कशाशी खातात, हे त्या माणसाला ठाऊकच नसावं.

ते घेऊन दोन गल्ल्या पलीकडच्या कारखान्यात गेले. तिथल्या साहेबांनी नऊ वर्षांवरून नजर फिरवली आणि बोट ठेवलं ते 'पारिवारिक कारणों से' या ओळीवर. "ससुराल का चक्कर है? ऐसी औरतें टिकती नहीं. ट्रेनी में आ जाइए, छह महीने देखेंगे."

मी अविवाहित आहे. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, घरात काहीही झालेलं नाही. मॅनेजरने बळजबरी केली, मी तक्रार केली, म्हणून माझी नोकरी गेली.

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. शिपायाला हाक मारून केबिनचं दार सताड उघडायला लावलं. मग माझे कागद दोन बोटांनी माझ्याकडे ढकलत म्हणाले, "माफ कीजिए मैडम, हमारे यहाँ माहौल अच्छा है."