उपाशी जंतूंचं तेल

आमच्या प्रयोगशाळेत एका प्लेटला सगळे उपासाची प्लेट म्हणतात. नाव विद्यार्थ्यांनी पाडलं. मला ते आधी मुळीच आवडलं नव्हतं, कारण परीक्षेत कुणीतरी तसंच लिहून ठेवणार याची मला खात्री होती. एकीनं लिहिलंच. पण नाव चपखल आहे, हे मानावं लागतं. त्या प्लेटमध्ये जंतूंना साखर भरपूर मिळते आणि प्रथिनांसाठी लागणारं नत्र अगदी चिमूटभर. आपल्या एकादशीला असतं तसंच: साबुदाणा, रताळं, बटाटा, वर तुपाची धार, डाळ नाही, उसळ नाही. शेंगदाण्यात नत्र असतं, पण ते सोडा. प्रत्येक गोष्टीला फाटे फोडणारी मुलं मला वर्गात पुरेशी भेटतात.

हे जंतू मातीतले. सिल्लोडकडे सरकीचं तेल काढणारी एक गिरणी आहे, तिच्या मागच्या तेलकट मातीतून आणलेले. माणसाला त्यांचा काही त्रास नाही. नत्र संपलं की त्यांना वाढता येत नाही, एकाचे दोन होणं थांबतं. साखर मात्र समोर असतेच. मग ते ती खातात आणि तिचं तेल करून पोटात ठेवून देतात. फक्त चरबीतच मुरणारा एक काळा रंग मिळतो. तो द्यायचा, जादाचा धुऊन काढायचा, वरून गुलाबी रंग द्यायचा. सूक्ष्मदर्शकातून बघितलं की गुलाबी अंगात काळे ठिपके दिसतात. उपास लांबला की ठिपके फुगत जातात आणि गुलाबी अंग शोधावं लागतं. जंतू मेल्यासारखे पडून असतात, पण मेलेले नसतात. पुन्हा नत्र दिलं की ते साठवलेल्या तेलावर उठून बसतात आणि वाढायला लागतात. हे मी वर्षानुवर्षं मुलांना हौसेनं दाखवत आले. या चैत्रापासून मला ते बघवत नाही.

चैत्रात माझ्या सासूबाईंना क्षयरोग निघाला. त्या देवगाव रंगारीला शेतावरच्या घरात राहायच्या. मी त्यांना आत्या म्हणते. हिवाळाभर खोकत होत्या आणि विचारलं की म्हणायच्या, "थंडीचा हाय, जाईल." अंगावरचं पातळ बांबूला गुंडाळल्यासारखं दिसायला लागलं तेव्हा ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, त्यांना गाडीत घातलं आणि शहरात आमच्याकडे आणलं. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने रोज गोळ्या, एक दिवस चुकवायचा नाही.

पहिल्याच दिवशी संडासातून मला हाक आली. "पोरी, इकडं ये गं. हे बघ काय पडतंय. शेंदरी हाय समदं."

"गोळ्यांचा रंग आहे तो, आत्या. घाबरायचं नाही. गोळी पोटात गेली त्याची पावती समजा."

"सरकार पावती बी देतंय व्हय," म्हणाल्या आणि खोकत खोकत हसल्या.

आमच्या शहरात नळाला पाणी आलं की माणसं सणासारखी लगबग करतात. टाकी भरायची, पिंपं भरायची, मग पुढचं पाणी येईपर्यंत जपून वापरायचं. संडासातली पाण्याची टाकी आम्ही केव्हाच बंद केली आहे. मगानं पाणी ओततो, तेही बेतानं. त्यात आत्या दुष्काळ बघितलेल्या. त्या इतकं कमी पाणी ओतायच्या की पांढऱ्या भांड्यात तो शेंदरी रंग राहायचाच. मी कुरकुर करत धुवायची. पण सकाळी रंग दिसला की मला बरं वाटायचं.

दोन महिन्यांत खोकला थांबला. थुंकीत जंतू दिसेनात. आत्यांच्या गालावर मांस आलं, ब्लाउज काखेत घट्ट व्हायला लागले. ह्यांनी गुलमंडीतून नवं कापड आणून दिलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "अंग छान भरलं हो तुमचं." आत्या लाजल्या. घरात सगळ्यांचे चेहरे उजळले. माझाच जीव टांगणीला लागला होता, आणि ते कुणाला सांगायला गेलं की मी दुर्मुखलेली ठरायची.

कारण क्षयाचे जंतूही तेच करतात. छातीत जिथं त्यांची कोंडी होते, हवा कमी पडते, खायला नीट मिळत नाही, तिथं ते माणसाचीच चरबी घेऊन पोटात तेल साठवतात आणि पडून राहतात. गोळ्या वाढणाऱ्या जंतूला लवकर मारतात. जो वाढतच नाही, तेल घेऊन गप्प बसलाय, त्याला मारायला फार वेळ लागतो. खोकला दोन महिन्यांत गेला तरी गोळ्या सहा महिने का, याचं उत्तर बऱ्याच अंशी त्या काळ्या ठिपक्यांत आहे.

आषाढी एकादशीला खिचडी खाताना मी हे आत्यांना सांगितलं.

"म्हंजी ते किडं बी उपास धरत्यात?"

"धरतात. आणि तुमच्यासारखाच. पोटभर खाऊन."

"गप गं," त्या म्हणाल्या. मग खिचडीचा घास हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, "आन मंग उपास सुटला की?"

"मग उठतात. म्हणून म्हणते, मध्ये एक दिवस चुकवायचा नाही."

"नाय चुकवत," त्या म्हणाल्या, आणि घास तोंडात टाकला.

श्रावणातल्या एका सोमवारी भांडं पांढरं दिसलं. मला वाटलं, आज पाणी जास्त ओतलं असेल. शनिवारी पुन्हा पांढरं. रविवारी शेंदरी. मी विचारलं, "आत्या, गोळ्या घेताय ना?" त्यांनी गोळ्यांची रिकामी पट्टी माझ्यापुढे धरली. "मोजून घे." मला माझीच लाज वाटली. म्हातारीवर पाळत ठेवायची म्हणजे किती ठेवायची. पण पुढच्या सोमवारी परत पांढरं, चतुर्थीला परत पांढरं. कॉलेजात एका मुलानं हाक मारली, "मॅडम, बघा, मस्त तेल धरलंय." मी बघितलं. गुलाबी रंग जवळजवळ दिसतच नव्हता. मी त्याला छान म्हणाले आणि स्टाफरूममध्ये जाऊन बसले.

महालक्ष्म्या उठल्यानंतर एका सकाळी मी स्वयंपाकघरात त्यांच्यासमोर ठाण मांडलं. "आत्या, उपासाच्या दिवशी गोळ्या कुठं जातात?"

त्या उठल्या, देवघराकडे गेल्या आणि एक स्टीलची डबी आणून माझ्यापुढे ठेवली. आत लाल गोळ्या होत्या. वर तुळशीचं पान ठेवलेलं होतं.

पूर्वी एका सोमवारी रिकाम्या पोटी गोळ्या घेऊन त्यांना उलटी झाली होती. उलटी झाली म्हणजे उपास मोडला. मग त्यांनी चातुर्मासाचा नेमच केला. आमच्याकडे चातुर्मासात कुणी वांगं सोडतं, कुणी गूळ, आणि जे सोडलं ते नेम संपताना दुसऱ्याला द्यायचं असतं. आत्यांनी उपासाच्या दिवशीच्या गोळ्या सोडल्या. फेकायच्या तर त्या नव्हत्याच. सरकारनं दिलेलं औषध फेकणं त्यांना अन्न फेकण्यासारखं वाटलं असतं.

"कुणाला द्यायच्या होत्या?" मी विचारलं.

"धाकलीला."

धाकली म्हणजे त्यांची धाकटी जाऊ, आमच्या काकू. देवगावलाच असतात. "ती बी खोकती गं. दवाखान्यात जायाचं नाव काढीत नाय. पोरीचं लग्न ठरायचंय, क्षय हाय म्हणल्यावर कोण करील सोयरिक? म्हणलं माझ्या सुटल्यात, तिला व्हतील. देवाचं बी झालं, तिचं बी झालं."

"दिल्यात का काही?"

"महालक्ष्म्यांना आली व्हती तवा मूठभर दिल्या. ह्या उद्यापनाच्या."

मी खूप बोलले. माझा आवाज चढला की तो खालच्या मजल्यापर्यंत जातो. मी म्हणाले, तुम्ही तुमचा जीव अर्धा सोडलात आणि तिला अर्धं औषध देऊन तिचाही अर्धा सोडवलात. आत्या खाली बघत होत्या. हे मध्ये पडले, "अगं, हळू बोल. मुद्दाम केलंय का तिनं? चार-दोन दिवसांनी काय फरक पडतो?" मी डबी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "चार-दोन दिवस नाहीत हे. हातात धरून बघा." त्यांनी धरली.

त्यात आठवड्याभरातच आत्यांना संध्याकाळची कणकण येऊ लागली. खोकला परत सुरू झाला, आधी सकाळचा, मग कधीही. थुंकी तपासायला दिली. जंतू परत आले होते, आणि त्या लाल गोळीतल्या मुख्य औषधाला आता जुमानत नव्हते. डॉक्टर म्हणाले, तसले काही आधीपासूनच आत असतील किंवा गोळ्या चुकल्यामुळे तयार झाले असतील, आता ते सांगता यायचं नाही. दुसऱ्या गोळ्या सुरू करू. जास्त काळ, जास्त त्रास. या वेळी चूक करायला जागा नाही. हे त्यांनी माझ्याकडे बघत सांगितलं. मी आत्यांकडे बघितलं. त्या भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होत्या.

त्याच आठवड्यात आम्ही दोघं देवगावला गेलो. काकूंनी अंगणात बाज टाकली, चहा केला. त्या अधूनमधून पदरात तोंड घालून खोकत होत्या. मी सगळं समजावून सांगितलं, काळे ठिपके सोडून. थुंकी तपासू, गुपचूप तपासू, शहरात नेऊन तपासू म्हणाले. मुलगी आत भांडी घासत होती. काकूंनी आतल्या बाजूला डोळ्यांनी खूण केली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सोयरिक जमलीय. तुळशीचं लगीन झालं की हिचं. तवर माझ्या तोंडाला कुलूप आन तुझ्या बी. मंग जिथं म्हणशील तिथं येते." ह्यांनी विनवलं, मी भांडले. आम्ही गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना सांगून आलो. काकूंनी त्यांनाही चहा पाजून वाटेला लावलं. दवाखान्यातून माणूस गेला तेव्हा त्या माहेरी गेल्या होत्या.

तेव्हापासून आत्या रोज माझ्यासमोर गोळ्या घेतात. नव्या गोळ्यांना रंग नाही. भांडं रोज पांढरंच असतं, उपास असो की नसो. मला आता काहीच कळत नाही. म्हणून गोळी गिळली की मी त्यांना तोंड उघडायला लावते, जीभ वर करायला लावते.

"तुझा इस्वास नाय माझ्यावर," एकदा त्या म्हणाल्या.

"नाही," मी म्हणाले.

त्यांना राग आला नाही. त्या रडल्या. म्हणाल्या, "माझ्यामुळं धाकलीचं काय वाईट व्हायला नको, बास." मलाही रडू आलं, पण मी तोंड फिरवून भाजी निवडत बसले. या बाईनं मला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, मी नोकरी सोडायला निघाले होते तेव्हा, सोडू दिली नव्हती. ती जगावी एवढंच मला हवं आहे. बाकी तिनं मला काहीही म्हणावं.

कार्तिकी एकादशीला मी त्यांना उपास करू नका म्हणाले. त्यांनी माझं ऐकलं आणि भाकरी-वरण खाल्लं. आयुष्यात पहिल्यांदा, म्हणाल्या. गोळ्या घेतल्या, तोंड उघडून दाखवलं. उद्यापनाला द्यायला डबीत काही नव्हतं. डबी मी केव्हाच दवाखान्यात नेऊन दिली होती.

मी ह्यांच्यासाठी खिचडी परतत होते तेव्हा आत्या फोन कानाला लावून बोलत माझ्याजवळ आल्या. बोलणं झालं. मग फोन ठेवून म्हणाल्या, "धाकलीचा व्हता."

"काय म्हणतात?"

"पावण्यांनी घर भरलंय. समदी एकाच खोलीत निजत्यात, बाया, लेकरं, नवरीबी. दारं लावून घेत्यात, थंडी पडलीय नं." त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा झाला होता. "खोकला पार थांबलाय म्हणती. दिलेल्या समद्या गोळ्या घेतल्या तिनं, हळूहळू, पुरवून पुरवून. आता अंग एवढं भरलंय म्हणती की लग्नासाठी शिवल्यालं बिलाऊजच बसंना. उसवाया टाकलंय." त्या माझ्याकडे बघून हसल्या. "लागू पडलं बघ माझं दान."

मी गॅस बंद केला आणि ह्यांना देवगावला जायला गाडी काढायला सांगितलं.