खळीने बंद केलेली खिडकी

आमच्या बाबांचा कशावरच विश्वास नव्हता. पिशवीतल्या दुधावर नव्हता, नळाच्या पाण्यावर नव्हता, रेशनच्या रॉकेलवर तर नव्हताच नव्हता. दुधात पावडर असते असं अख्खी चाळ म्हणायची. बाबांचं म्हणणं त्याच्याही पुढचं, की दूध नसतंच, नुसती पावडर असते आणि ती परदेशात ढोरंसुद्धा तोंडाला लावत नाहीत म्हणून इकडे पाठवतात. ती अमेरिकेची अवकाशातली प्रयोगशाळा आकाशातून पडणार होती ना, तेव्हा त्यांनी आम्हा भावंडांना दोन दिवस लोखंडी पलंगाखाली झोपवलं होतं. ती कुठल्या कुठे समुद्रात पडली. बाबा त्यांच्या मालवणीत म्हणाले, "असा ते सांगतंत." म्हणजे त्यावरही विश्वास नाहीच.

घाटकोपरला डोंगराच्या बाजूला आमची चाळ होती. तीन मजले आणि प्रत्येक मजल्याला लांबलचक गॅलरी. संध्याकाळी टीव्हीवरच्या बातम्या संपल्या की आमच्या मजल्यावरच्या गॅलरीत पुरुषांची बैठक बसायची आणि बातम्यांत जे सांगितलं त्याच्या मागे खरं काय आहे, ते ठरायचं. अँटेनामुळे डोकी दुखतात. कॉम्प्युटर आला की माणसं घरी बसणार. पवईच्या तलावात कसलीतरी पावडर टाकतात. बाबा अध्यक्ष. गिरणीच्या संपानंतर ते घरीच होते, त्यामुळे विचार करायला वेळ भरपूर होता. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी." बाबांना ऐकू जायचं, पण ते ऐकायचे नाहीत.

मी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. भोपाळ होऊन दोन महिनेही झाले नव्हते. पेपरातले ते फोटो चाळीत प्रत्येकाने बघितले होते, आणि आमच्या दक्षिणेला चेंबूरचे कारखाने. थोडा जरी वास आला तरी दारं धडाधड बंद व्हायची, बायका ओले टॉवेल घेऊन पळायच्या. देवनारच्या कचऱ्याचा वास आम्हाला लहानपणापासून ओळखीचा होता, नाक मुरडून आम्ही जेवायला बसायचो. पण आता तोच वास आला की कोणीतरी म्हणायचं, "आजचा वेगळा वाटतोय हां." आणि एकदा कोणी वेगळा म्हटलं की तो सगळ्यांनाच वेगळा यायचा.

माझी मुलगी जन्मली, आम्ही हॉस्पिटलातून घरी आलो, तर बाबांनी आतल्या खोलीच्या खिडकीचा पार बंदोबस्त करून ठेवलेला. मैद्याची खळ शिजवून, जुन्या पेपरच्या पट्ट्या कापून, चारी बाजूंच्या फटी चिकटवून टाकलेल्या. दाराच्या खाली घालायला भिजवलेलं गोणपाट तयार.

"बाबा, हे काय हो?"

"तुका नाय कळाचा. त्या भोपाळात खिडक्यो उघड्यो होत्यो."

मी हसले. खरं सांगते, मी तोंडावर हसले. मी अंधेरीला रेडिओचे भाग जोडायच्या कारखान्यात चार वर्षं काम केलेली बाई, मला वाटायचं की चाळीत शास्त्र कळणारी मी एकटी. पण त्या खिडकीच्या पट्ट्या मी काढल्या नाहीत. ओली बाळंतीण, अंगात त्राण नाही, आणि बाबांशी वाद घालायचा म्हणजे भिंतीशी कुस्ती.

बाबांचा सगळ्यात जास्त संशय एकाच माणसावर होता. आमच्या वरच्या मजल्यावर एक बौद्ध कुटुंब राहायचं, मराठवाड्यातलं. तिथले काका चेंबूरकडच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. ते मितभाषी होते. शिफ्ट करून यायचे, मान खाली घालून जिना चढायचे. गॅलरीच्या बैठकीत कधी बसले नाहीत, कारण त्यांना कोणी बस म्हटलं नव्हतं. का नव्हतं म्हटलं, ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी तोंडाने बोलायचं नाही. त्यांचं गप्प राहणं मात्र बाबांना पुरावा वाटायचं. "ह्याका सगळा म्हायत आसा. आत काय शिजता ता ह्याका म्हायत, म्हणान बोलणा नाय." काका कधी रजेवर असले तरी बाबांना वाटायचं, आज काहीतरी सुटणार आहे, म्हणून हा घरी राहिला.

आता शेक-शेगडीचं सांगते. आमच्यात बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावून न्हाऊ घातलं की शेक देतात. बाजेखाली कोळशाची शेगडी, त्यावर ओवा आणि बाळंतशोपा टाकून धुरी. आई ते सगळं नेमाने करायची. धुरी झाली की शेगडी बाहेर न्यायची आणि दार उघडं टाकायची. हे तिच्या आईने तिला शिकवलेलं. का उघडायचं ते तिलाही माहीत नव्हतं, उघडायचं एवढं माहीत होतं.

त्या दिवशी सकाळी आईने आम्हाला न्हाऊ घातलं, शेगडी ठेवली, आणि तेवढ्यात खाली रेशनवर साखर आल्याची हाक आली. पोरीला रात्रीपासून सर्दी होती, नाक सुरसुरत होतं. आई म्हणाली, "शेगडी राहू दे जरा, ऊब बरी. मी आलेच." ती गेली, आणि पाच मिनिटांत तो वास आला. जळका, घशाला लागणारा. गॅलरीत आरडाओरडा, दारं धडाधड. बाबांनी आमचं दार ओढून घेतलं, बाहेरून गोणपाट कोंबलं आणि ओरडून सांगितलं, "बाय, काय झाला तरी दार उघडू नको गो! मी हय बसलंय."

आणि खरंच दारापुढे स्टूल टाकून बसले. माझे बाबा माझी राखण करत बसले होते.

मी पोरीला कुशीत घेऊन पडले. थोड्या वेळाने माझं डोकं ठणकायला लागलं, कपाळाच्या दोन्ही बाजूंनी. मग मळमळलं. मी काय विचार केला माहितीय? मी म्हटलं, बाबा खरे निघाले. गॅस आहे. आत शिरलाय. एवढी मी शास्त्रवाली, आणि मी उठून खिडकीची एक पट्टी सुटली होती ती थुंकी लावून परत चिकटवली. मग पोरीच्या तोंडावर पदर घातला आणि शेगडीच्या बाजूला, उबेत, तिला जास्त जवळ घेतलं. तिने रडणं थांबवलं होतं. मला वाटलं, झोपली बिचारी.

बाहेर काय झालं ते मला नंतर शेजारच्या मावशींनी सांगितलं. काका रात्रपाळी करून जिना चढत होते. बाबा स्टुलावरून उठून त्यांच्या अंगावर गेले.

"काय सोडलात आज? बोला! आत माझी दहा दिवसांची नात आहे!"

काका म्हणाले, "काही सोडलं नाही, दादा. देवनारला कचरा पेटलाय, टायर जळतायत. मी बसमधून बघत आलो."

"असा तुम्ही सांगतास."

काका जायला निघाले. मग एक पायरी चढून थांबले आणि विचारलं, "बाळ बरंय ना?"

"बरा नसायला काय झाला? खिडकी चिकटवलीय, दार बंद केलंय. शेगडी आहे, ऊब आहे. तुमचा गॅस आत जाऊचो नाय."

मावशी म्हणाल्या, त्या माणसाचा चेहराच पालटला. "शेगडी? कोळशाची? आत?" एवढंच बोलला आणि त्याने बाबांना बाजूला लोटलं, दारापुढचं स्टूल ढकललं. बाळंतिणीच्या खोलीत, तेही बारशाच्या आधी, घरचा पुरुषसुद्धा जात नाही. हा माणूस चपलांसकट आत आला.

मला आठवतं ते एवढंच, की दार उघडलं आणि कोणीतरी कोपराने खिडकी फोडली. बाबांची खळ इतकी पक्की बसली होती की खिडकी नुसती उघडेना. काचा खाली पडल्या. काकांनी पोरीला माझ्या हातातून ओढून घेतली, गॅलरीत नेली, आणि तिच्या तळपायांवर टिचक्या मारायला लागले. मी भिंत धरून धरून मागे गेले. तिची मान एका बाजूला पडली होती. देवा, ती मान मी मरेपर्यंत विसरणार नाही. बाबा म्हणत होते, "काय झाला? काय झाला तिका?"

मग ती रडली. बारीक, चिरका आवाज. काका मटकन खाली बसले, तिला छातीशी धरून.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे दुपारपर्यंत आम्हा दोघींना नाकाला नळी लावून ठेवलं. शेगडीच्या कोळशाचाच वायू, डॉक्टर म्हणाले, त्याला वास नसतो, रंग नसतो. अजून दहा मिनिटं, असं म्हणून त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं. आई हमसून हमसून रडत होती, साखरेची पिशवी तिच्या हातातच होती. बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

संध्याकाळी आम्ही घरी आलो. बैठक भरली. मी आत पडून ऐकत होते. कोणीतरी विचारलं, "काय हो, काय झालं नक्की?" आणि बाबा म्हणाले, "गॅस. दुसरा काय? फटीतून आत इलो."

एकदम गलका झाला. बघा, म्हटलं नव्हतं! आज हिची पोरगी, उद्या आपली. यांच्याच कंपनीचा असणार. "आणि वर साळसूदासारखा खिडकी फोडायला आला! माहीत होतं ना त्याला!" असं एक जण म्हणाला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि सगळे गप्प झाले. काका पाळीला निघाले होते. त्यांनी ते ऐकलं होतं, जिन्यात सगळं ऐकू जायचं. ते तसेच उतरत राहिले. उजव्या कोपराला पांढरी पट्टी होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नसतो, हे मला माहीत होतं. डोक्याला बांधलेला फडका तसाच, पोर छातीशी धरून, मी गॅलरीत येऊन उभी राहिले.

"बाबा, शेगडी आपली होती."

"तू आत जा गो, वारा लागात."

"लागू दे! डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलंय. खिडकी तुम्ही चिकटवलीत, सुटलेली पट्टी मी चिकटवली, आणि हिला त्या माणसाने वाचवलं. तुम्हाला गॅसच सांगायचा असेल तर आपल्या घरातला सांगा."

माझा आवाज ऐकून काका जिन्याच्या वळणावर पाठमोरे थांबले होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग पोरीकडे. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. पण ते उठले आणि भसाड्या आवाजात म्हणाले, "होय. माझीच चूक झाली. मीच मारलंय असतंय तिका." आणि आत जाऊन मोरीत तोंड धुवत राहिले, खूप वेळ. आईने नळ बंद केला तेव्हा कळलं की ते रडत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उलथनं घेऊन खिडकीच्या पट्ट्या खरवडल्या. मग शर्ट घालून वर गेले आणि बारशाचं आमंत्रण देऊन आले. काय बोलले ते कधी सांगितलं नाही. बारशाला काकी आल्या, त्यांनी पोरीला पाळण्यात घातलं. चाळीतली दोन घरं आली नाहीत. बाबांनी ती मोजून ठेवली आणि त्या घरांची कुठली पूजा असली की बाबांना हटकून बरं नसायचं.

बाबा सुधारले असं मात्र कोणी समजू नये. दुधावर, नळावर, बातम्यांवर त्यांचा संशय तसाच राहिला. फक्त यादीत एक नाव वाढलं होतं, ते मला चार-पाच वर्षांनी कळलं. मी पोरीला घेऊन माहेरी गेले होते. दुपारची ती पलंगावर झोपली होती, नव्या काचांची खिडकी सताड उघडी. बाबा चोरपावलांनी आले आणि त्यांनी तिच्या नाकाशी बोट धरलं. आईने मला डोळ्याने खुणावलं, म्हणाली, ती इथे असली की असं दर तासाला चालतं.

पोरगी जागी झाली. बोट झटकून म्हणाली, "आजोबा, मी जिवंत आहे हो!"

बाबा म्हणाले, "असा तू सांगतंस." आणि बोट तिथेच धरून उभे राहिले.