नमुना नंबर चार

हे तुम्हाला सांगावं की नाही, तेच कळत नाही. पण चहा येतोय तोवर ऐका. जिथं हसायचं तिथं हसून घ्या, पुढे फारसं हसू येत नाही. मला तरी येत नाही.

मी शाळेच्या ऑफिसात कारकून. आमच्या जळगावच्या कॉलनीत मात्र माझी ओळख ‘फॉर्मवाले भाऊ’. रेशनकार्ड असो, पेन्शन असो, लोक कागद घेऊन माझ्याच ओट्यावर. त्यामुळे डोक्यात हवा अशी, की सरकारनं नवा फॉर्म काढताना आधी मला दाखवायला हवा.

तर, आई गेली आणि माझे वडील, आबा, धुळ्याकडच्या आमच्या खेड्यात एकटे पडले. इकडे या म्हणून दोन वर्षं मी मागे लागलो होतो. शेवटी तयार झाले, पण अट घातली, स्वतःच्या वेगळ्या दाराची.

“माले मनं दार पाहिजे. मी पहाटे उठस, खोकस, रेडिओ लावस. तुमले तरास नको.”

म्हणजे घरामागे, परसात, एक वेगळी खोली बांधणं आलं. हरकत नाही. परवानगीच्या कार्यालयात आधीच मंजूर केलेल्या नकाशांची, म्हणजे नमुन्यांची, वही ठेवलेली असते. त्यातला एक निवडायचा, अर्ज भरायचा, बांधायला लागायचं. अहो, फॉर्मच तो. माझ्या घरचं कार्य.

नमुना दोन होता राहण्याची खोली. हवी तश्शी. पण तिला कंपाउंडच्या भिंतीपासून जेवढी जागा सोडावी लागते, ती आमच्याकडे फूटभर कमी. नमुना चार भिंतीच्या अगदी जवळ बांधला तरी चालत होता. मापं तीच, खिडकी तीच. नाव फक्त वेगळं, ‘सामानाची खोली’.

तुम्ही काय केलं असतं? कुणाला तरी विचारलं असतं. मी विचारतो होय? चारवर खूण केली आणि वापराच्या रकान्यात माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: घरातील जुने सामान ठेवणे. बाहेर येऊन स्वतःवर खूश होऊन रसवंतीत दोन ग्लास रस प्यायलो.

खोली झाली. आबा आले. बाज टाकली, भिंतीवर आईचा फोटो लावला, त्याला हार घातला. संध्याकाळी स्वतःच्या हातानं कडी लावायचे, पहाटे स्वतः काढायचे. कॉलनीतलं कुणी आलं की मागे नेऊन दाखवायचे, “हाई मनं दार.” दोन वर्षांत त्यांना इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं.

आणि एक दिवस परवानगीच्या कार्यालयातून फोन आला. बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला द्यायचा आहे, उद्या पाहणीला येतो.

आता आबांना खरं सांगावं ना? नाही. मी म्हणालो, “आबा, उद्या खोलीत औषध फवारायचंय. दुपारपर्यंत मंदिरात बसा.”

ते बिचारे पिशवी घेऊन निघाले. इकडे आम्ही बाज बाहेर काढली आणि खोली भरायला घेतली. गव्हाच्या गोण्या, मोडका कूलर, लेकीची जुनी सायकल. शेजारच्या नानांना कळलं, तर त्यांनी स्वतःचं शिलाई मशीन आणून ठेवलं. समोरच्या वहिनींनी पाळणा पाठवला, वर निरोप, की परत नाही दिला तरी चालेल. तासाभरात ती खोली भंगारवाल्यालाही लाजवील अशी झाली.

पाहणीला एक मॅडम आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी आत पाहिलं.

“हा फोटो कुणाचा?”

घाईत आईचा फोटो भिंतीवरच राहिला होता. ताजा हार, खाली जळती उदबत्ती.

“तो होय? तो... जुनाच आहे, मॅडम. पडून होता, ठेवला इथं.”

हे मी म्हणालो. स्वतःच्या आईबद्दल.

“सामानाच्या खोलीत उदबत्ती लावता?” त्यांनी हातातला अर्ज वाचला. “घरातील जुने सामान ठेवणे. खरं सांगा, इथं कुणी राहतं का?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून खोकला आला. मंदिर बाराला बंद होतं, हे मला फॉर्मवाल्याला कुठं माहीत? आबा आपल्या बाजेपाशी उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

“कोणी नही ऱ्हास, ताई,” ते शांतपणे म्हणाले. “जुनं सामानच शे. ती बी, आनि मी बी. लिखी ल्या.”

मॅडमनी अर्ज घडी करून पिशवीत ठेवला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “फूटभर जागेसाठी सवलतीचा अर्ज आहे. नकाशांच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिलंय. अजूनही द्या, मी नमुना दोन करून देते. राहणाऱ्याची सही मात्र लागेल.”

शेवटचं पान. मी ते उलटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा धुळ्याच्या गाडीत बसले. फोटो धोतरात गुंडाळून मांडीवर घेतला. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. आठ दिवसांनी मी अर्ज घेऊन गावी गेलो. म्हटलं, “आबा, चुकलो. एक सही करा, खोली तुमच्या नावची होते.”

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “जेवी ले आधी,” म्हणाले. सही केली नाही.

तो अर्ज मी दिलाच नाही, कोरा घेऊन परत आलो. नानांनी मशीन नेलं नाही, वहिनींना पाळणा नकोच होता. परवा कार्यालयातून दाखला आला. लिहिलंय, ‘खोलीचा वापर अर्जात नमूद केल्याप्रमाणेच होत आहे.’

इतकी वर्षं लोकांचे फॉर्म भरतोय. इतका बिनचूक मी दुसरा कुठला भरला नसेल.