आठ रिकाम्या बाटल्या

नवरा गेल्यावर पाचव्या दिवशी अक्का कामावर हजर. नणंद म्हणाली, "वहिनी, लोक काय म्हणतील?" "घरात बसून भिंतींशी बोलू का?" अक्का म्हणाल्या आणि डबा घेऊन निघाल्या. डोळ्यांतून टिपूस नाही. आज पंधरावा दिवस, आजही नाही.

काम बावीस वर्षं तेच. आपल्या शरीरात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात, त्यांच्या अंगावर तऱ्हेतऱ्हेची प्रथिनं. कंपनी त्यांच्या नकला बनवते. माणसाचं जनुक उंदरासारख्या एका प्राण्याच्या पेशींत घालायचं, त्यांच्याकडून प्रथिन करून घ्यायचं, ते शुद्ध करून संशोधकांना विकायचं. "माणसाचा माल, उंदराचा कारखाना!" असं सांगून नवरा चारचौघांत हशा पिकवायचा. अक्का ते प्रथिन बोटाच्या पेराएवढ्या बाटल्यांत थेंबाथेंबाने भरत. मग ट्रे यंत्रात जातो, गोठवून सुकवला जातो. सुकल्यावर उरतं ते इतकं कमी की दिसतच नाही. भरलेली आणि रिकामी बाटली डोळ्यांना सारखीच.

त्यामुळे गिऱ्हाइकांचे फोन ठरलेले: बाटली रिकामी आली. उत्तरही ठरलेलं: रिकामी नाही, उघडण्याआधी यंत्रात गरगर फिरवून घ्या, म्हणजे माल तळाशी बसेल. हे उत्तर अक्कांनीच एकदा लिहून दिलं होतं.

काल त्यांनी शंभर बाटल्या भरल्या, रात्रीतून त्या सुकल्याही. आज नोंदीचा कागद पुढे आला तेव्हा त्यांनी फ्रीजमधली, ज्यातून भरलं ती मूळ नळी काढून पाहिली. तळाशी जास्त द्रव उरला होता. आठ बाटल्यांचा. म्हणजे आठ बाटल्यांत काही पडलंच नव्हतं; हात चालत होता आणि अक्का तिथे नव्हत्या.

सगळे जिला धाकटी म्हणत, त्या मुलीकडे अक्का गेल्या. तिला थेंब मोजून टाकायची पिपेट धरायला अक्कांनीच शिकवलं होतं; आता ती विभाग सांभाळत होती.

"आठ राहिल्यात."

"कुठल्या?"

"ठाऊक नाही."

"एकाच ओळीतल्या असतील. प्रत्येक ओळीतली एकेक विरघळवून तपासू."

"एकाच ओळीतल्या कशावरून? माझं लक्ष कुठे होतं मलाच ठाऊक नाही. आणि सगळ्याच विरघळवल्या तर विकायचं काय?"

धाकटीने दार लोटलं. "अक्का, दोन महिने लागलेत या मालाला. ज्यांनी मागवलाय ती प्रयोगशाळा ताटकळलीय. करा ना सही. एखाद्याने फोन केलाच, तर नेहमीचं सांगू, फिरवली नसेल म्हणून."

"आणि त्याने फिरवली असेल तर?"

"कोण विश्वास ठेवणार त्याच्यावर?"

"तेच म्हणतेय मी."

"तुम्हाला भरणीवरून काढतील. मलाच काढावं लागेल. कळतंय का?"

कळत होतं. त्या टेबलाशिवाय दिवस घालवायला दुसरी जागा उरली नव्हती, हेही कळत होतं. पण बावीस वर्षांत अक्कांची सही असलेली बाटली पाठवण्याआधी कोणी उघडून तपासली नव्हती. तपासायची गरजच पडली नव्हती.

त्यांनी कागदावर लिहिलं: आठ रिकाम्या, कोणत्या ते माहीत नाही, सगळा लॉट बाद. खाली सही केली. मग शंभरच्या शंभर बाटल्या स्वतःच्या हाताने टाकाऊ मालाच्या लाल पिशवीत ओतल्या आणि तोंड बांधलं.

"वाईट वाटतंय का हो?" धाकटीने विचारलं. रडवेली तीच झाली होती.

अक्कांनी मनात जरा शोधून पाहिलं. "नाही गं. काहीच वाटत नाही."

त्यांनी हातमोजे काढले, हात धुतले, पुसले.

"उद्या भरणीवर नाही, तर कुठे? धुण्याच्या खोलीत? किती वाजता येऊ?"